कूलर, कार्ड आणि आमगावचा कडुलिंब

मी संगणकाला आंघोळ घातली, असे माझा मेहुणा सांगतो. लग्न असो, बारसे असो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, चार माणसे जमली की तो ही कथा काढतो आणि दर वेळी तिच्यात एक बादली पाणी वाढवतो. मूळ कथेत कूलरचे चार शिंतोडे होते. गेल्या खेपेस मी लुंगी नेसून तांब्याने पाणी ओतत होतो. मी आयुष्यात लुंगी नेसलेली नाही. एवढ्या एका तपशिलावरून त्या कथेची लायकी सुज्ञांच्या ध्यानात यावी.

माझ्या पत्नीची कथा निराळी आहे. तिच्या मते पाणी हा गौण मुद्दा. खरा अपराध हा की, मेअखेरचे ते नऊ दिवस, ज्यांना आमच्याकडे नवतपा म्हणतात आणि ज्यांत रायपूरच्या रस्त्याचे डांबर चपलेबरोबर घरात येते, त्या दिवसांत मी कूलर तिच्या उशापासून उचलून यंत्रापाशी नेला. ही कथा मेहुण्याच्या कथेपेक्षा बरी असली तरी अपुरीच आहे. दोन्ही कथा ऐकून लोक हसतात आणि मी खुलासा करू लागलो की नेमका वाढपी येतो. म्हणून हा खुलासा लेखी करीत आहे. येथे वाढपी येणार नाही.

प्रथम माझा अधिकार सांगतो. मी तेहतीस वर्षे मालगाडीचा गार्ड होतो. गाडीचा प्रमुख ड्रायव्हर असतो, असा सर्वसामान्यांचा समज आहे आणि तो साफ चुकीचा आहे. नियमपुस्तकाप्रमाणे चालत्या गाडीचा प्रमुख गार्डच. मात्र या प्रमुखाची बसण्याची जागा सर्वांत शेवटी, ब्रेकव्हॅनमध्ये. तेथे पंखा नव्हता, दिवा नव्हता, एक लोखंडी बाक होते आणि मागे उघडा व्हरांडा होता. पुढे पन्नासाहून अधिक वाघिणी, म्हणजे मालडबे, भरून कोळसा आणि त्याच्याही पुढे, दृष्टीच्या पलीकडे, इंजिन. परिणाम असा झाला की रायपूर ते गोंदिया हा मार्ग मी हजारो वेळा पाहिला, पण निघून जाताना. येणारे स्टेशन मला ठाऊकच नाही. माझ्या वाट्याला नेहमी गेलेले स्टेशन आले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मोबाइलवर एक चित्रफीत पाहण्यात आली. कोणी एक गृहस्थ संगणकावर मालगाडी चालवीत होते आणि मार्ग आमचाच होता. सिग्नल समोरून येत होता. पूल समोरून येत होता. राजनांदगाव समोरून येत होते! मी ती चित्रफीत सलग तीन वेळा पाहिली आणि त्याच आठवड्यात संगणकाच्या दुकानाची पायरी चढलो. मेहुणा या घटनेला ‘म्हातारचळ’ म्हणतो. मी तिला तेहतीस वर्षे थकलेली बढती म्हणतो.

आता खर्चाविषयी, कारण सगळा तंटा तेथून सुरू झाला. हा छंद महाग आहे, हे मी कधीही नाकारलेले नाही. खेळ स्वतः किलोभर मटणाच्या किमतीत मिळतो आणि येथेच माणूस फसतो. तो खेळ चालायला जो संगणक लागतो, त्याच्या पोटात ग्राफिक्स कार्ड नावाची एक वीट बसवावी लागते. पडद्यावरची चित्रे रंगवणे एवढेच तिचे काम, पण उरलेला संगणक जेवढ्याचा जवळजवळ तेवढ्याची ती एकटी. पुढे रायपूर-गोंदिया मार्ग निराळा विकत घ्यावा लागतो. इंजिन निराळे. वाघिणी निराळ्या. पाऊसदेखील निराळा! पावसाचे पैसे मात्र मी भरले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता. त्यामुळे माझ्या गाडीत बारमाही उन्हाळा असतो आणि रायपूरकराला तो परका वाटत नाही.

माझा मेहुणा नव्या रायपूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाला असून रायपुरातच शंकरनगरात राहतो. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला येतो. एप्रिलमधल्या अशाच एका रविवारी त्याने माझ्या टेबलावरचा नवा लोखंडी लिव्हर पाहिला. इंजिनाचा वेग व ब्रेक ज्याने सांभाळतात, त्याची ती हुबेहूब प्रतिकृती होती.

“भाऊजी, हा केवढ्याचा?”

मी सांगितले.

“एवढ्यात तर रेल्वेनं तुमाले खरं इंजिन देल्लं असतं!”

“रेल्वेनं तेहतीस वर्षांत शेपटीकडचा डबाच देल्ला,” मी म्हणालो. “आन् तुही सायकल केवढ्याची हाय, ते सांग पह्यले.”

त्याच्यापाशी एक परदेशी सायकल आहे. एका बोटाने उचलता येते, आणि तिची किंमत ऐकली की माणसाला बसून घ्यावे लागते.

“ते तब्येतीसाठी हाय,” तो म्हणाला.

“तब्येतीसाठी चालनं फुकट असते. तू ते सायकल कारच्या टपावर बांधतो, नव्या रायपूरले नेतो, तिथं दोन तास चालवतो आन् पुन्हा टपावर बांधून घरी आनतो. सायकल तुले नेते का तू सायकलले?”

माझी पत्नी पोळी लाटता लाटता हसली. विजयाच्या भरात माणसाचा तोल जातो तसा माझा गेला आणि मी तोफ तिच्याकडे वळवली. नातेवाइकांच्या लग्नांना जाणे हा तिचा छंद आहे. गोंदिया, भंडारा, नागपूर, बिलासपूर, जिथून पत्रिका येईल तिथे ती जाते. प्रवास, साडी, आहेर, परतीचा प्रवास. ती याला कर्तव्य म्हणते.

“आहेर वापस येत असते,” ती शांतपणे म्हणाली. “तुमचं कार्ड वापस येते का?”

“आपल्या पोरांची लग्नं होऊन पंधरा वर्षं झाली. आता कोणाच्या लग्नात वापस येईन? माह्या?”

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी तो मुद्दा मागे घेतला. चर्चेत माघार कधी घ्यावी, हे मला समजते. मेहुण्याला ते समजत नाही.

“ताई दोन वर्षांपासून एसी मांगून राहिली,” तो म्हणाला. “हे मशीन विका अन् या खोलीत एसी लावा. तसंही नवतपात हे डब्बं तासभर टिकत नाही.”

“नऊच्या नऊ दिवस टिकते,” मी म्हणालो.

“अन् बंद पडलं तर?”

“तर तूच घेऊन जाय, वीक, आन् त्या पैशात तुह्या बहिणीले एसी आनून दे.”

असा तो करार झाला. नवतपाचे नऊ दिवस, रोज दुपारी तीन तास, गाडी चालली पाहिजे. एकदाही यंत्र बंद पडले तर ते घराबाहेर. मेहुणा सांगतो की मला त्याने यात अडकवले. मला कोणी अडकवलेले नाही. अट माझी होती, शब्द माझा होता. फक्त हवामान माझे नव्हते.

पहिल्याच दुपारी तासाभरात संगणकाचे पंखे असे ओरडू लागले की शेजारच्या घरून विचारणा झाली. आता गार्डाची नजर वेगळी असते. धावत्या गाडीच्या एखाद्या वाघिणीच्या चाकाचा कणा तापला की धुरावरून, वासावरून तो मागे बसून ओळखायचा, गाडी थांबवायची आणि पुढच्या स्टेशनात ती वाघीण गाडीतून सोडवून, आमच्या भाषेत कापून, काढायची, हे माझे काम होते. येथे कापून काढण्याजोगे काही नव्हते आणि गाडी थांबवण्याची करारात सोय नव्हती. म्हणून मी विचारपूर्वक दोन गोष्टी केल्या. संगणकाची एका बाजूची झाकणपट्टी काढली आणि कूलर पत्नीच्या उशाकडच्या खिडकीतून काढून टेबलाकडच्या खिडकीत, त्या उघड्या पोटासमोर बसवला. पंखे तत्काळ शांत झाले. ज्या उपायाने तत्काळ गुण आला त्याला मूर्खपणा म्हणणाऱ्यांनी आपला उपाय सांगावा. आजवर कोणी सांगितलेला नाही.

“अन् मी कुठं झोपू?” पत्नीने विचारले.

“नऊच दिवस.”

ती प्लास्टिकची खुर्ची उचलून जिथे हवा होती तिथे, म्हणजे माझ्या शेजारी, पडद्याकडे पाठ करून बसली आणि लसूण सोलू लागली. ती हवेसाठीच बसली होती, हे मला मान्य आहे. तिच्या कथेतला हा भाग खरा आहे.

परंतु तिच्या कथेत पुढचे काही येत नाही. दुसऱ्या दिवशी दुर्गच्या पुढे तिची खुर्ची अर्धी वळली. तिसऱ्या दिवशी ती पूर्ण पडद्याकडे वळली आणि लसणाची परात तिच्या मांडीवर तशीच राहिली.

“लाल हाय,” ती एकदम म्हणाली.

सिग्नल तिला माझ्या आधी दिसला, असे ती सांगते. मला दिसला होता. ब्रेक लावायला अजून अवकाश होता.

“लाल हाय म्हनते नं मी! काहून नाही थांबून राहिले?”

“थांबून राहिलो. एवढी मोठी गाडी हाय, ऑटोरिक्षा नाही.”

गाडी सिग्नलच्या पुढे दोन वाघिणी जाऊन थांबली. त्या दिवसापासून सिग्नल पुकारण्याचे काम तिने माझ्याकडून न विचारता घेतले. “हिरवा.” “पिवळा हाय, हळू घ्या.” “आता काहून रेंगाळून राहिले?” चाळीस वर्षांच्या संसारात ती मला हेच सांगत आली होती. फरक एवढाच की आता समोर खरोखर सिग्नल होता.

पाचव्या दिवशी डोंगरगड आले. सहाव्या दिवशी चढण लागली आणि दरेकशाचा बोगदा आला. पडदा काळा झाला तशी ती म्हणाली, “नवरी म्हनून आली तवा याच्यातच डोळ्यात कोळसा गेला होता. तुमाले वाटलं, मी रडून राहिली.”

“मले वाटलं नाही. तू रडूनच राहिली होती.”

“कोळसा होता.”

हा मुद्दा आमच्यात अद्याप निकाली निघालेला नाही.

बोगद्यापुढे सालेकसा आणि सालेकशापुढे आमगाव. आमगाव हे तिचे माहेर. आईवडील गेले, घर विकले गेले, भाऊ म्हणजे हाच मेहुणा शंकरनगरात आला. इतक्या लग्नांना जाणारी माझी पत्नी आमगावला मात्र कितीतरी वर्षांत उतरलेली नव्हती, कारण तिथे पत्रिका पाठवणारे कोणी उरले नव्हते. सातव्या दिवशी ती जेवणाची भांडी तशीच टाकून दुपारी एक वाजताच खुर्चीवर येऊन बसली.

“आज लागते नं आमगाव?”

“सिग्नल भेटला तर लागते.”

“स्टेशनापाशी कडुलिंब हाय. त्याच्या पारावर आमी शायेतून येऊन बसत होतो.”

“ठाऊक हाय. डाव्या हाताले.”

“उजव्या.”

“तेहतीस वर्षं पाहिला. डाव्या हाताले.”

“मी तिथं जन्मली. उजव्या!”

सालेकसा सुटले. आमगावचा बाहेरचा सिग्नल दिसला. “पिवळा,” ती म्हणाली. आणि टक् असा आवाज होऊन पडदा काळा झाला. हा बोगदा नव्हता. जळक्या रबराचा वास आला. मी बटण दाबले, पुन्हा दाबले. कूलर मात्र इमानाने गारवा फेकत होता.

येथे मेहुण्याच्या कथेतली सर्वांत मोठी खोट दाखवतो. तो म्हणतो, मी दोन दिवस गोष्ट लपवली. दहा मिनिटांच्या आत मी स्वतः त्याला फोन केला. शब्द दिला होता, यंत्र बंद पडले होते. तो संध्याकाळी कार घेऊन आला आणि यंत्र उचलून आम्ही तिघे दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता. त्याने दिव्याखाली आत डोकावून पाहिले आणि ओठ दाबून माझ्याकडे पाहिले.

“अंकल, ये कंप्यूटर है कि खेत? इसमें तो रोपा लग जाएगा।”

आत चिखल होता. काळा, मऊ, चकचकीत चिखल. आमच्या शहराभोवती लोखंडाच्या भट्ट्या आहेत आणि त्यांची काळी धूळ आमच्या गच्चीवर, कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर रोज उतरते. ती उघड्या पोटात गेली आणि तिच्यावर कूलरची ओल सात दिवस बसली. म्हणजे पाणी एकटे दोषी नव्हते. मेहुणा आपल्या कथेत धुळीचा उच्चारही करीत नाही, कारण धूळ घातली की कथा शहराची होते आणि त्याला ती माझी हवी असते.

“कार्ड गया,” दुकानदार म्हणाला. “बाकी ठीक है।”

“असंच विकलं तर किती भेटते?” मेहुण्याने विचारले.

दुकानदाराने जो आकडा सांगितला त्यात एसी तर सोडाच, एसीचा स्टॅबिलायझरही कसाबसा आला असता. मेहुण्याचा चेहरा पडला. तरी तो म्हणाला, “करार म्हंजे करार. विका, भाऊजी. बाकीचे पैसे पाहू.”

मी होकारार्थी मान हलवली. 

“नवं कार्ड केवढ्याचं भेटते, भैया?” माझ्या पत्नीने विचारले.

दुकानदाराने सांगितले. 

“टाका,” ती म्हणाली.

“ताई! अन् एसी?”

“आठ दिवसात मृग लागते. पावसात एसी घेऊन काय करू?”

“तुले आमगावच पाहाचं असन तर तिकीट काढून जाय नं! शंभर-दीडशे रुपयात होते.”

“जाऊ,” ती म्हणाली, “अन् कोणाकडं जाऊ? फलाटावर उभी राहू?”

 आमगावचे घर विकण्याच्या कागदावर मेहुण्याचीही सही होती.

कार्डाचे पैसे तिने दिले. त्या वर्षी नागपूरच्या दोन लग्नांना तिने फोनवरून आशीर्वाद पाठवले. माझी दया आली म्हणून हे केले, असे ती आता सर्वांना सांगते. दुकानात तिने माझ्याकडे पाहिलेदेखील नव्हते. ती पडद्याकडे पाहत होती, जो विकायला ठेवलेल्या दुसऱ्याच कोणाच्या संगणकाचा होता.

मृगाच्या सरी आल्यावर, झाकणपट्टी घट्ट बसवून आणि कूलर तिच्या उशाशी परत करून, आम्ही गाडी पुन्हा सालेकशाहून सोडली. तिने चष्मा पुसून घेतला. पिवळा मिळाला, मग हिरवा मिळाला. आमगावचा फलाट समोरून आला. पाटी बरोबर होती, छप्पर बरोबर होते आणि छपराच्या दोन्ही बाजूंना ओळीने नारळाची झाडे होती.

“हे काय हाय?” ती म्हणाली.

“आमगाव.”

“आमगावले नारळ? आमगावात नारळ दुकानातच पाहिला मी! कडुलिंब कुठं हाय?”

डावीकडे नव्हता. उजवीकडेही नव्हता. तिने मला त्याच दिवशी तक्रार लिहायला बसवले. मार्ग तयार करणारा कोणी हौशी तरुण होता. त्याला मी सविस्तर, मुद्देसूद आणि आवश्यक तेवढे कठोर पत्र लिहिले. दुसऱ्या सकाळी नम्र उत्तर आले की नारळ हे मोफत झाड आहे. कडुलिंब, पळस व मोह हवे असल्यास मध्य भारतातील झाडांचा संच निराळा विकत मिळतो आणि झाड कुठे लावायचे ते ग्राहकाने स्वतः ठरवावे.

मी हे वाचून दाखवले आणि स्फोटाची वाट पाहिली.

“घ्या मंग,” ती म्हणाली. “पाहून काय राहिले?”

जी बाई माझ्या कार्डावर चाळीस मिनिटे बोलू शकते, तिने झाडाच्या किमतीला एक शब्द लावला नाही. छंद कोणता महाग आणि कोणता स्वस्त, या वादावर माझे म्हणणे येथे संपते.

मात्र झाड कोणत्या बाजूला, हा वाद उरला. त्या दुपारी ती स्वयंपाकघरात असताना मी खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसलो, जसा ब्रेकव्हॅनच्या व्हरांड्यात उभा राहत असे. मग डावा हात लांब केला. मान वळवून पाहिले. हात फलाटाच्या उजव्या बाजूवर होता.

“काय करून राहिले?” ती दारातून म्हणाली.

“काही नाही. पाठ आखडली.”

तिचेही बरोबर होते आणि माझेही. ही कबुली मी फक्त येथे देत आहे. तिला दिलेली नाही. झाड मात्र मी उजवीकडे लावतो म्हणालो, आणि ‘तुझ्या समाधानासाठी’ हे शब्द त्याला जोडले.

रविवारी मेहुणा आला. कारच्या टपावर सायकल होती. माझी फजिती पाहायला आला असावा. त्याने पडद्यावर आमगावचे छप्पर पाहिले आणि उभ्या उभ्याच थांबला. माझी पत्नी कडुलिंब रोवायची जागा बोटाने दाखवत होती.

“तिथं कुठं, ताई? पुलाच्या तिकडं होता.”

“तू काय सांगतं! तू तवा शेंबडा होता.”

“मीच पडलो होतो त्याच्यावरून! हात मोडला होता!”

“बाभयीवरून पडला होता तू!”

त्याने माझी खुर्ची ओढून घेतली. सायकल टपावरच राहिली. एक तास झाला, पोळ्या गार झाल्या, झाड अजून जमिनीला लागलेले नव्हते. मी मागे उभा राहून पाहत होतो, ज्याची मला सवय आहे. नारळ मात्र त्यांनी एकमताने काढून टाकले.

झाड लागेपर्यंत गाडी पुन्हा सालेकशाहून आणून आमगावच्या बाहेर लाल सिग्नलला उभी केली होती. अजूनही तिथेच आहे. लिव्हर माझा आहे, गाडी माझी आहे, परंतु पत्नीने हिरवा म्हटल्याशिवाय ती हलायची नाही. गाडीचा प्रमुख ड्रायव्हर नसतो, हे मी वर सप्रमाण सांगितलेच आहे.